१०८ किलो वजन आणि एकच स्की : कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४४, उंची ५ फूट ११ इंच, वजन १०८ किलो, पाय अकरा नंबरचा. दुबईत चार वर्षं होतात तेव्हा बोटीमागे पाण्यावर दोन स्कीवर शिकलात, मग एक सोडून एकीवर जायला लागलात. आता कोथरूडला परत आलात, दोघा मित्रांबरोबर भागीदारीत साडेपाच मीटरची बोट घेतलीत, तिला ९० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन आहे. खोल पाण्यातून एका स्कीवर दहापैकी तीनदाच उठता, बाकीच्या वेळी दोराचं हँडल हातातून निसटतं. डिसेंबरात मेव्हणा अमेरिकेहून येतोय आणि तो एक स्की आणायला तयार आहे. तिथल्या दुकानदाराने ६७ इंची, पूर्ण कार्बनची सुचवली. मित्र म्हणतात, आधी वजन उतरव. तुम्ही विचारताय : ६७, ६९ की ७१? कार्बन हवंच का? दोन्ही पायांना बूट घ्यावेत का?

मी पुढे बरंच लांबण लावणार आहे, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. ६९ इंची, रुंद अंगाची, कमी वेगासाठी बनवलेली स्की घ्या. पुढच्या पायाला बूट, मागच्याला पट्टा. पूर्ण कार्बनवर पैसे घालवू नका. वजन उतरवायचं असेल तर डॉक्टरांनी सांगितलं म्हणून उतरवा, स्कीसाठी थांबू नका.

हे मी अधिकाराने बोलतो असं नाही, अनुभवाने बोलतो. धायरीला माझं आउटबोर्ड दुरुस्तीचं दुकान आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. पानशेत, वरसगाव, पवना, मुळशीकडच्या बोटींची इंजिनं हाताखालून जातात आणि त्या निमित्ताने पाण्यावर जाणं होतं. एकतिसाव्या वर्षी मी १०४ किलोचा होतो. तेव्हा एका ओळखीच्याकडून जुनी ६६ इंची स्पर्धेची स्की घेतली. घेतली का, तर दिसायला देखणी होती, अंगावर सोनेरी पट्टे होते आणि स्वस्त पडली. पहिल्या सकाळी अकरा वेळा प्रयत्न केला. अकराव्या वेळी उठलो, चाळीसेक मीटर गेलो आणि पुन्हा पाण्यात. संध्याकाळी चहाचा कप उचलताना कोपराच्या आतली शीर अशी ठणकली की कप डाव्या हातात घ्यावा लागला. पुढे दोन महिने पाना फिरवताना तीच गत. सगळे म्हणाले वजनामुळे. मीही तेच समजून दीड वर्ष घालवलं. मग एकाची जुनी, बोथट दिसणारी रुंद स्की पायात घातली आणि दुसऱ्याच प्रयत्नात उभा राहिलो. वजन तेच होतं, बोट तीच होती.

आता कारण सांगतो, कारण ते कळलं की दुकानदार काय सांगतो त्याची धास्ती राहत नाही.

स्की तरंगते म्हणून आपण तिच्यावर उभे राहत नाही. नुसती पाण्यात टाकली तर तरंगते, पण १०८ किलो ठेवले की लाकडी फळीसारखी खाली जाणार. आपल्याला वर धरतो तो वेग. स्की तिरकी होऊन पाण्याला खाली रेटते आणि पाणी तिला वर रेटतं. हा रेटा ढोबळमानाने दोन गोष्टींवर ठरतो : पाण्याला टेकलेला पृष्ठभाग आणि वेगाचा वर्ग. वर्ग हा शब्द महत्त्वाचा. ताशी ५५ किलोमीटरवरून ४५ वर आलात की वेग अठराएक टक्क्यांनीच कमी होतो, पण रेटा एक तृतीयांशाने कमी होतो. स्पर्धेत पुरुषांच्या खुल्या गटात बोटीचा वेग ताशी ५८ पर्यंत जातो, पस्तिशीच्या पुढच्या गटात ५५ पर्यंत. तुम्ही लिहिलंय की ४५ ते ४८ ला मजा येते. बरोबर आहे, त्या वयात आणि त्या आकारमानात मलाही तिथेच मजा यायची. पण हिशेब मांडून बघा. ८० किलोचा माणूस ५५ ने जातो आणि तुम्ही १०८ किलोने ४५ ला जाता. वजन सव्वापटीपेक्षा जास्त, रेटा दोन तृतीयांश. एकत्र धरलं तर त्याच तिरकेपणात उभं राहायला तुम्हाला त्याच्या दुप्पट पृष्ठभाग लागतो.

दुप्पट पृष्ठभागाची स्की कोणी बनवत नाही. मग उरलेली तूट कशी भरून निघते? स्की जास्त तिरकी होते, टोक वर, शेपूट खोल. म्हणजे ती पाण्यावरून जायचं सोडून पाणी नांगरायला लागते. नांगरायला लागली की ओढ वाढते, आणि ती सगळी ओढ दोरातून तुमच्या बोटांवर येते. तुमचं हँडल निसटतं ते यामुळे. तुमची पकड कमजोर नाही, स्की छोटी आहे.

इथे बहुतेकांची एक चूक होते आणि ती अमेरिकेतल्या दुकानदारानेही केली आहे असं मला वाटतं. लोक लांबी बघतात. ६७ वरून ६९ ला गेलो म्हणजे मोठी स्की घेतली असं वाटतं. पण दोन इंचांनी लांबी वाढते ती जेमतेम तीन टक्के. रुंदीचं बघा. स्पर्धेची स्की पायाखाली साधारण पावणेसात इंच रुंद असते. कमी वेगाची, रुंद जातीची साडेसात किंवा त्याहून थोडी जास्त. पाऊण इंचाने अकरा टक्के फरक पडतो. म्हणून ६७ इंची रुंद स्की ही ६९ इंची अरुंद स्कीपेक्षा खरं तर मोठी असते. मेव्हण्याला नुसतं ‘६९ आण’ असं सांगितलंत आणि त्याने ६९ इंची स्पर्धेची आणली तर तुम्ही जिथल्या तिथे. त्याला सांगा, पायाखालची रुंदी दुकानात टेप लावून मोज. सगळ्यात रुंद जागी, बुटाच्या आसपास.

कंपन्यांचे तक्ते वाचताना दोन गोष्टी बघा. पहिली म्हणजे तक्त्यात वजनाशेजारी वेगाचा रकाना आहे का. चांगल्या तक्त्यात असतोच, आणि एकाच वजनाला कमी वेगासाठी मोठी स्की सांगितलेली असते. नुसती उंची विचारणारा दुकानदार भेटला तर समजा त्याने बर्फावरच्या स्कीचं दुकान आधी चालवलं असणार. पाण्याला तुमच्या उंचीशी देणंघेणं नाही. (योगायोग म्हणून सांगतो, ७१ इंच म्हणजे बरोबर ५ फूट ११. तुमच्याच उंचीची होईल. पण हा निकष नव्हे.) दुसरी गोष्ट, वजन कपड्यांसकट धरा. ओलं जॅकेट, ओली चड्डी, बूट मिळून दोन-तीन किलो सहज होतात. आणि घरच्या काट्यावर सकाळी उपाशीपोटी, एक पाय भिंतीला टेकवून घेतलेलं वजन तक्त्यात भरू नका. सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन उतरलेला माणूस जितका भरतो तितकं भरा.

मग ७१ का नाही? कारण मोठ्या स्कीलाही किंमत मोजावी लागते. रुंद, लांब स्की पाण्याच्या वर वर बसते. उठायला सोपी, सरळ जायला सोपी, पण कड पाण्यात घालायला जोर लागतो. बोटीमागची लाट ओलांडून पलीकडे गेलात, आता वळायचंय, तेव्हा ७१ इंची स्की बैलगाडीसारखी मोठा वळसा घेते. आणि पन्नासच्या वर गेलात की पायाखाली थडथडायला लागते, कारण वेगामुळे आता तिला गरजेपेक्षा जास्त रेटा मिळतो आणि कड पाणी धरत नाही. ६९ इंची रुंद स्कीवर तुम्ही उठालही आणि पुढच्या दोन वर्षांत वळायलाही शिकाल. बोट ९० ऐवजी ६० हॉर्सपॉवरची असती तर मी ७१ च म्हटलं असतं. वजन १२० च्या पुढे असतं तरीही.

नावं हवी असतील तर सांगतो, म्हणजे दुकानात कोणत्या फळीकडे बघायचं ते कळेल. एचओची ऑम्नी, रडारची बटर नाइफ, कॉनलीची बिग डॅडी, या सगळ्या रुंद जातीतल्या. बिग डॅडी तर नावाप्रमाणेच आपल्यासारख्यांसाठी. रडारची सेनेट थोडी अरुंद, वेग वाढवणाऱ्यांसाठी, ती आत्ता नको. माझा कोणत्याही कंपनीशी संबंध नाही आणि एकाच कंपनीच्या एका वर्षाच्या आणि दुसऱ्या वर्षाच्या स्कीत फरक असतो, म्हणून नावापेक्षा मापावर जा.

आकाराच्या बाबतीत पाण्याखाली तीन गोष्टी चालतात. त्यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

स्की जमिनीवर पालथी न ठेवता सुलटी ठेवा आणि बाजूने, डोळा जमिनीला लावून बघा. केळ्यासारखा हलका बाक दिसेल, टोक आणि शेपूट वर उचललेली. याला रॉकर म्हणतात. बाक जास्त असेल तर स्की लवकर वळते पण पाण्यात जास्त घासते, म्हणजे सावकाश जाते. बाक कमी असेल, म्हणजे मधला भाग सपाट असेल, तर कमी ओढीत उठते आणि वेग धरून ठेवते. जड माणसाला सपाट हवी. आता यातली गोम अशी की स्की मऊ असेल तर तुमच्या वजनाने ती आणखी वाकते. दुकानात सपाट दिसलेली स्की तुमच्या पायाखाली केळं होते. म्हणून जड माणसाने फार मऊ स्की घेऊ नये. कार्बनचा प्रश्न इथे येतो. कार्बन ताठ असतं आणि हलकं असतं. ताठपणा आपल्याला हवा आहे, पण पूर्ण कार्बनच्या स्की बहुतेक जास्त वेगासाठी, अरुंद मापात बनवलेल्या असतात. काचतंतू आणि कार्बन मिसळलेली स्की पुरेशी ताठ असते आणि लाटेवर आपटली तर गुडघ्याला कमी हिसका देते. चव्वेचाळिसाव्या वर्षी गुडघ्याचा विचार करायला हरकत नाही. शंभर-दोनशे ग्रॅम हलकी स्की तुमच्या १०८ किलोत काय फरक पाडणार!

दुसरी गोष्ट कडांची. कडेचा उतार धारदार असेल तर पाणी तिथे पटकन सुटतं आणि स्की वर बसते, गोलसर असेल तर पाणी कडेला चिकटून वर चढतं आणि स्की खोल बसते. तिसरी, तळाचा खोलगटपणा. तळ पन्हाळीसारखा आत गेलेला असतो, तो पाणी धरतो, म्हणून स्की सरळ जाते आणि कड लागते. या दोन्ही गोष्टी तुमच्या पातळीवर कंपनीवर सोडा.

फिनबद्दल मात्र एक सांगतो, कारण ऐकीव सल्ल्यावर लोक स्क्रू फिरवत बसतात. शेपटीखालचं अॅल्युमिनियमचं पातं म्हणजे फिन. ती पुढेमागे, वरखाली मिलिमीटरच्या हिशेबात सरकते. स्पर्धेतले लोक व्हर्नियर घेऊन ती इंचाच्या हजाराव्या भागात लावतात. तुम्ही कंपनीने दिलेल्या मापावर ठेवा, मार्करने रेघ मारून ठेवा आणि विसरून जा. फिनला आडवा छोटा पंख लावलेला असेल तर तो काढून बाटलीत ठेवा. तो वळणाआधी वेग कमी करायला असतो. तुम्हाला वेग मिळवायची मारामार, तो कमी करणारा पंख कशाला? दर पाच-सहा खेपांनी स्क्रू घट्ट आहेत का तेवढं बघा. धरणाच्या काठाला खडकावर स्की आपटून फिन वाकलेली मी कितीदा पाहिली आहे.

बुटांकडे या. दोन प्रकार आहेत : दोन्ही पायांना पूर्ण बूट, किंवा पुढच्याला बूट आणि मागच्याला नुसता पट्टा, ज्यात पायाचा पुढचा भाग सरकवायचा. दोन्ही पायांना बूट असेल तर पकड चांगली, पण खोल पाण्यात दोन्ही पाय एकाच फळीवर बांधलेला १०८ किलोचा माणूस स्थिर राहायला फार कष्ट घेतो. पट्टा असला की मागचा पाय मोकळा ठेवून पाण्यात सुकाणूसारखा मागे सोडता येतो. उठताना तोल त्याच्यावर सावरतो. उभे राहून वेग आला की पाय पट्ट्यात. तुम्ही दोन स्कीवरून एक सोडून आलात, त्यामुळे मागचा पाय सरकवणं तुम्हाला येतंच.

पुढचा बूट मात्र घट्टच हवा. सैल बूट आणि मोकळा मागचा पाय हे घोट्याचं वाटोळं करणारं जोडपं. पडताना पाय अर्धवट निघतो, टाच सुटते, पंजा अडकतो आणि वर १०८ किलो फिरतात. अकरा नंबरच्या पायाला बऱ्याच ‘सगळ्यांना बसणाऱ्या’ बुटांची शेवटची पट्टी लागते, तीही ताणून. मेव्हण्याचा पाय तुमच्याएवढा नसेल तर तुमच्या पावलाचा कागदावर आराखडा काढून पाठवा, लांबी आणि रुंदी दोन्ही लिहून. बूट आणि स्की वेगवेगळ्या कंपन्यांचे घेतलेत तर प्लेटची भोकं जुळतात का ते तिथेच बसवून बघायला सांगा. इथे येऊन भोकं जुळली नाहीत की कोणीतरी ड्रिल घेऊन पुढे येतं, आणि स्कीत नवं भोक पाडलं की आत पाणी शिरतं. रबरी बूट चढवताना ओढाताण नको. प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी आणि थोडा भांडी घासायचा साबण घालून बोटीत ठेवा, आतून शिंपडा, पाय सुर्रकन जातो.

आता तुम्ही विचारलेलं नाही ते. माझ्या मते तुमच्या दहातल्या सात पडण्यांपैकी तीन तरी बोटीच्या खात्यावर आहेत.

दुबईला समुद्र होता. पानशेतच्या बाजूला पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद दर तीनशे मीटरला साधारण तीन टक्के घटते. म्हणजे तुमचं ९० चं इंजिन इथे ८५ च्या आसपास. त्यात बोटीत तुम्ही तिघं मित्र, पेट्रोलची भरलेली टाकी, बर्फाची पेटी आणि कोणाचा तरी मेहुणा. एक माणूस चालवायला आणि एक मागे तुमच्यावर नजर ठेवायला, एवढेच हवेत. बाकीच्यांना काठावर बसवा, वाटल्यास फोटो काढू द्या.

त्याहून मोठा फरक प्रोपेलरने पडतो. इंजिनाबरोबर येणारा पंखा बहुधा सरळ वेगासाठी निवडलेला असतो. त्याच्या पात्यांची पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो किती इंच पुढे जायला बघतो, १९ असेल तर १७ चा लावा. पिच दर इंचाला कमी केली की इंजिनाचे फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात. बोट चटकन पाण्यावर उठते, वरचा वेग थोडा जातो. तुम्हाला ४८ च्या वर जायचंच नाही, तेव्हा जातो त्याचं दुःख नाही. फक्त पूर्ण थ्रॉटलला फेरे कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या वर जात नाहीत ना हे बघा, नाहीतर इंजिन घेऊन माझ्याकडे यावं लागेल. एका गिऱ्हाइकाने दोन मोसम स्की बदलत काढले. शेवटी पंखा बदलला तेव्हा त्याची बायको, ती ६२ किलोची, बिचारी पहिल्याच ओढीला हवेत गेली. कारण चालवणाऱ्याला जुन्या सवयीने थ्रॉटल पूर्ण दाबायची खोड लागली होती.

चालवणाऱ्याबद्दल तेच. जड माणसाला झटका नको, सलग ओढ हवी. आधी दोर ताणला जाईपर्यंत अगदी हळू. तुम्ही ‘चल’ म्हणाल तेव्हा दोन-तीन सेकंदांत चढत जाणारी रेस, आणि तुम्ही पाण्याच्या वर आलात की रेस थोडी मागे. बहुतेक मित्र उलट करतात. एकदम पूर्ण दाबतात, आणि माणूस उभा राहिलेला बघून आनंदाच्या भरात दाबूनच ठेवतात.

दोर स्लॅलमचाच, म्हणजे एका स्कीसाठी असतो तोच घ्या, हँडलसकट २३ मीटरचा. वेकबोर्डचा, म्हणजे रुंद फळीवर आडवं उभं राहायच्या खेळाचा, दोर अजिबात ताणला जात नाही, त्याचा प्रत्येक झटका थेट खांद्यात येतो. स्लॅलमच्या दोराला किंचित लवचिकता असते. रबरी ट्यूब ओढायचा जाड दोर वापरू नका, तो लवचिक असतोच, पण रागावल्यासारखा परत येतो. खोल पाण्यातून उठण्यासाठी एक दुपेडी हँडल मिळतं, त्याच्या दोन दोऱ्यांमधे स्कीचं टोक अडकून सरळ राहतं. त्याला कमीपणा मानू नका. आणि दोर कधीही मनगटाला गुंडाळू नका, पकड कितीही दमली तरी.

उठताना काय होतं ते एकदा सावकाश बघा. तुम्ही पाण्यात, गुडघा छातीला टेकलेला, स्कीचं टोक पाण्याच्या वर वीतभर, दोर टोकाच्या एका बाजूला. बोट निघते. पाणी छातीवर येतं, मग चेहऱ्यावर. इथे डोकं सांगतं की ओढ. हात कोपरात वाकतात, हँडल हनुवटीकडे येतं, वजन मागे जातं, स्की उभी होते आणि फळीऐवजी भिंत बनते. तुमच्या बोटांना १०८ किलोची भिंत पाण्यातून ओढायला लावलीत तर ती सुटणारच. हात सरळ ठेवा, गुडघा छातीशीच, आणि काही करू नका. खरंच काही करू नका. दोन-तीन सेकंद पाणी तोंडावर सोसायचं. हलक्या माणसाला हे एक सेकंदात होतं, आपल्याला थोडा जास्त वेळ लागतो, आणि त्या जास्तीच्या सेकंदात आपण घाबरून उभे राहायला बघतो. तिथेच घात होतो. स्की खालून आपोआप वर येते, पायाला एक टणक फरशी लागल्यासारखी जाणीव होते. ती जाणीव आली की मगच गुडघा सरळ करायचा, तोही अर्धा.

जॅकेट अंगाला घट्ट बसणारं, पट्ट्या बांधल्यावर खांद्याला धरून उचललं तर कानाशी न येणारं. निदान ५० न्यूटन तरंगशक्तीचं, तशी खूण आत शिवलेली असते ती वाचा. स्पर्धेवाले घालतात ती पातळ जॅकेटं मार सोसण्यासाठी असतात, बेशुद्ध माणसाला धरून ठेवतीलच असं नाही.

मेव्हण्याला तिथे जुनी स्की स्वस्तात मिळाली तर नाही म्हणू नका, रुंद जातीच्या स्की लोक एक-दोन मोसमांत विकतात. फक्त मार्केट यार्डात कलिंगड घेतो तशी घ्यायची. दहा रुपयांचं नाणं घेऊन टोकापासून शेपटीपर्यंत वाजवत जायचं. सगळीकडे टणक, कोरडा आवाज हवा. कुठे मधेच बद्द आवाज आला तर तिथे वरचा थर आतल्या फोमपासून सुटला आहे. पुढच्या बुटाच्या पुढे आणि मागे आडवी, केसासारखी चीर आहे का ते उजेडात तिरकी धरून बघायचं, वजनाने स्की तिथेच मोडते. बुटाच्या स्क्रूभोवती अंगठ्याने दाबायचं, मऊ लागलं तर सोडून द्यायची. आणि हातात तोलायची. त्याच मापाच्या दुसऱ्या स्कीपेक्षा जड लागली तर आत पाणी मुरलंय.

७१ घेतलीत काय, ६९ घेतलीत काय, विमानाला खेळाचं लांब सामान म्हणून आधी सांगावं लागेल. ६९ इंच म्हणजे १७५ सेंटिमीटर. फिन काढून हातसामानात नको, मोठ्या बॅगेत ठेवायला सांगा, तिची धार बघून सुरक्षावाले अडवतील.

पाण्याबद्दल शेवटी. खडकवासल्याचा विचारही करू नका, ते पुण्याच्या पिण्याचं पाणी आहे. जिथे जलसंपदा खात्याच्या परवानगीने बोटी चालतात तिथेच चालवा. पाऊस संपल्यावर लगेच नको, ओढ्यांनी आणलेले ओंडके महिनाभर तरंगत असतात. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत सकाळी सात ते नऊ हे सोनं, पाणी काचेसारखं. एप्रिल-मे मधे पातळी उतरते तेव्हा ओळखीची जागाही अनोळखी होते. पवनेत वाघेश्वराचं देऊळ आणि उजनीत पळसदेवचं देऊळ उन्हाळ्यात पाण्याबाहेर येतं, मग खाली न दिसणारी झाडांची खोडं आणि जुने बांध किती असतील! मे महिन्यात मी स्की करत नाही, इंजिनं उघडतो.

स्की यायला डिसेंबर उजाडेल. तोवर माझी जुनी ६९ इंची रुंद स्की दुकानाच्या माळ्यावर धूळ खात आहे, दिवाळीनंतर येऊन घेऊन जा आणि तिच्यावर किती वेळा उठता ते मोजा. दहापैकी सातच्या वर गेलात तर मेव्हण्याला तेच माप सांगा, पाचच्या खाली राहिलात तर ७१ बद्दल पुन्हा बोलू, पण आधी पंखा बदलून. बूट मात्र तुमचा तुम्ही बघा. माझा पाय आठ नंबरचा आहे.